सकाळची हजेरी

३४ वर्षं मी भूगोल शिकवला आणि त्याहून नेमाने हजेरी घेतली. निवृत्तीनंतर भूगोल सुटला, हजेरी सुटली नाही. आता सकाळी साडेसहाला चहाचा कप उजव्या हाताशी ठेवून मी लॅपटॉपवर ती काळी खिडकी उघडतो, ‘सुडो ॲप्ट अपडेट’ असं टंकतो, पासवर्ड देतो (तो देताना पडद्यावर टिंबसुद्धा उमटत नाही, पहिल्या दिवशी मी लॅपटॉप उलटा करून झटकला होता) आणि वर्ग ओ द्यायला लागतो. हिट. हिट. गेट. हिट. ‘हिट’ म्हणजे हजर, कालच्यापेक्षा वेगळं काही नाही. ‘गेट’ म्हणजे हजर, आणि दप्तरात काहीतरी नवं आहे. ‘इग्न’ म्हणजे ओ आली नाही, पण मास्तरांनी तिकडे कानाडोळा केला. ‘एरर’ म्हणजे काय ते सांगायला नको.

या वर्गातल्या पोरांना रेपो म्हणतात. रिपॉझिटरीचं ते लाडाचं नाव. प्रोग्रॅमची कोठारं म्हणा. आमच्या घरात रेपो म्हटलं की हिला रिझर्व्ह बँक आणि मुदत ठेवीचा व्याजदर आठवतो. त्यामुळे ‘आज दोन रेपो पडलेत’ असं मी पुटपुटलो, की ती हातातलं लाटणं घेऊन बाहेर येते.

दुसरा गोंधळ ‘अपडेट’ या शब्दाचा. ॲप्टच्या बोलीत अपडेट केल्याने काहीच अद्ययावत होत नाही. कोणाकडे काय नवं आलंय त्याच्या याद्या तेवढ्या घरी येतात. माल आणायचा तो ‘अपग्रेड’ने. म्हणजे वाण्याकडे जायचं, सगळ्याचे भाव विचारायचे आणि रिकामी पिशवी हलवत परत यायचं.

‘झालं का तुमचं अपडेट?’

‘झालं.’

‘मग काय आलं?’

‘आलं काही नाही. काय येणार आहे ते कळलं.’

‘अहो, मग हे तुमच्या वेतन आयोगासारखंच झालं की.’

माझ्या लॅपटॉपवर यंत्राचा कारभार बघतं ते उबुंटू, लिनक्सच्या कुळातलं. ते २००४ मध्ये आलं, डेबियनच्या पायावर. डेबियन त्याहून जुनं, १९९३ सालचं. इयन मर्डॉक यांनी आपल्या प्रेयसीचं डेब्रा हे नाव आणि स्वतःचं नाव जोडून ते तयार केलं. आपल्याकडे नवरा-बायकोच्या नावांची अशी जुळणी बंगल्याच्या पाटीवर दिसते, त्यांनी ती एका अख्ख्या कारभाराला दिली. ॲप्ट त्याच घरातलं. या ॲप्टच्या अंगात गाय आहे. ‘ॲप्ट मू’ असं टंकलं की पडद्यावर टिंबं-रेघांची एक गाय उभी राहते आणि आज तुम्ही हंबरलात का, असं विचारते. मी दर वसुबारसेला तिला एकदा उभी करतो. हिने एकदा पडद्याला कुंकू लावायची तयारी दाखवली होती, मी नको म्हटलं.

गेल्या वसुबारसेलाच आमच्या वाचनालयाचा वार्षिक अंक तयार व्हायचा होता. पानं लावायचं काम माझ्याकडे. आठ दिवस उरले असताना कोपऱ्यात एक चौकट उगवली: भांडारांची माहिती उतरवता आली नाही, तुमची इंटरनेट जोडणी तपासा. मी आज्ञाधारक माणूस. जोडणी तपासली. राउटर बंद केला, चालू केला. परत बंद केला, मनात दहा अंक मोजले, चालू केला. जोडणीवाल्याच्या कार्यालयात फोन केला. तिथल्या मुलीने मला राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. तेही केलं. वास्तविक त्याच वेळी ही शेजारच्या खोलीत त्याच जोडणीवर उकडीच्या मोदकांची चित्रफीत बघत होती आणि मोदक कुठेही अडखळत नव्हते. हे माझ्या लक्षात यायला दुपार झाली.

मग आइंडहोव्हनला पुतण्याला फोन लावला. तो तिथे संगणकाचंच काहीतरी करतो. मी सगळी हकीकत सांगितली, राउटरसकट. तो शांतपणे म्हणाला, ‘काका, एरर वाचला का?’

वाचला नव्हता. ज्या माणसाने ३४ वर्षं ‘प्रश्न नीट वाचा, उत्तर प्रश्नातच असतं’ असं फळ्यावर लिहिलं, त्याने लाल अक्षरं दिसताच डोळे मिटून राउटर गाठला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचायला बसलो तेव्हा आधी एक वेगळाच धक्का बसला. वर्गात माझ्या ओळखीची नसलेली पोरं बसली होती. उबुंटूची स्वतःची कोठारं चार ओळींत संपली. त्याखाली ११ परकी. परकी म्हणजे थर्ड पार्टी. ही सगळी मीच आणलेली. कोणतं कधी आणि कशासाठी, ते मात्र ओळ वाचूनही आठवेना. लग्नाच्या जुन्या फोटोत मधल्या रांगेत एक टोपीवाले गृहस्थ असतात आणि ते मुलीकडचे की मुलाकडचे हे दोन्हीकडच्यांना सांगता येत नाही, तसं.

हळूहळू उलगडलं. एक होतं स्क्रायबससाठी. स्क्रायबस म्हणजे पानं लावायचा मोफत प्रोग्रॅम. त्याच्या १.४ मालिकेला देवनागरी सोसत नसे. जोडाक्षरांचे पाय वेगळे, डोकी वेगळी आणि पहिली वेलांटी चुकीच्या अक्षराच्या गळ्यात. २०१७ मध्ये १.५.३ आलं, त्यात अक्षरं मांडायचं यंत्रच नवं बसवलेलं होतं आणि मराठी माणसासारखी दिसू लागली. पण उबुंटू आपल्या कोठारात जरा जुना, मुरलेला माल ठेवतं. १८.०४ मध्ये अजून १.४ च होतं. मग कोणीतरी भल्या माणसाने नवा स्क्रायबस बांधून आपल्या अंगणात ठेवलेला, तो मी आणला. आणायचा म्हणजे त्याच्या अंगणाचा पत्ता आपल्या यादीत लिहायचा. एकदा लिहिला की रोज सकाळी ॲप्ट तिथेही डोकावणार. पुढे २०.०४ मध्ये १.५ उबुंटूच्याच कोठारात आलं, गरज संपली. पत्ता खोडायचं मात्र कोणाला सुचतं? बाकीच्या दहांची कथाही अशीच, एकेका रात्रीची नड.

पहिली एरर किल्लीची होती. प्रत्येक कोठारवाला आपल्या यादीवर एक गुप्त सही करतो आणि ती पडताळायला आपल्याकडे त्याची जाहीर किल्ली असते. या किल्लीला बहुतेकदा मुदत असते. मुदत संपली की माणूस जिवंत, दुकान उघडं, माल ताजा, सहीसुद्धा त्याचीच. तरी ॲप्ट म्हणणार, यांची किल्ली कालबाह्य झाली आहे, मी यांना ओळखत नाही. हे वाचून मला हसू आलं, कारण दर नोव्हेंबरात माझं हेच होतं. हयातीचा दाखला. मी बँकेच्या खिडकीसमोर स्वतःच्या पायांवर उभा असतो, खिडकीपलीकडचा मुलगा माझा विद्यार्थी असतो, ‘सर, चहा घेणार?’ असं विचारतो आणि तरीही मी जिवंत आहे हे यंत्रावर अंगठा उमटेपर्यंत त्याला मान्य करता येत नाही. तेव्हा मी चिडतो. ॲप्टवर मात्र चिडता येईना. त्या कोठारवाल्याने आपला दाखला वेळेत भरला होता; किल्लीची मुदत वाढवून नवी प्रत त्याच्या संकेतस्थळावर ठेवली होती. जुनी प्रत उशाशी घेऊन मीच बसलो होतो. नवी आणली, पोरगं ‘हजर’ म्हणालं.

दुसरी एरर आडनावाची. उबुंटूच्या प्रत्येक आवृत्तीला एका प्राण्याचं नाव असतं आणि भूगोलाच्या माणसाला यापेक्षा मोठी लाच नसते. २०.०४ म्हणजे फोकल फोसा, फोसा मादागास्करचा. २२.०४ जॅमी जेलीफिश. २४.०४ नोबल नंबॅट. नंबॅट ऑस्ट्रेलियातला, वाळवी खाऊन राहणारा, पट्ट्यापट्ट्यांचा. (डेबियनवाले आपल्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या खेळण्यांची नावं देतात, जी आवृत्ती सतत घडत-मोडत असते तिचं नाव सिड, खेळणी मोडणाऱ्या पोराचं. हे मी शाळेत कितीतरी वेळा केलेलं आहे, पण मनातल्या मनात.) तर, कोठारवाल्याला दर आवृत्तीसाठी वेगळी खोली मांडावी लागते. उन्हाळ्यात मी जॅमीवरून नोबलला आलो. अशा स्थलांतरात उबुंटू सगळ्या परक्यांना दाराबाहेर थांबवतं; त्यांच्या ओळीपुढे एक खूण करून त्या झोपवून ठेवतं. हे शहाणपणाचं आहे. मी उत्साहाच्या भरात खुणा काढल्या, ‘जॅमी’ खोडून सगळीकडे ‘नोबल’ लिहिलं आणि वाट बघत बसलो. तीन कोठारांकडून उत्तर आलं की इथे नोबल नावाचं कोणी राहत नाही. त्यांच्या मालकांनी जेलीफिशपाशीच काम थांबवलं होतं. मी मात्र पोस्टमनला दोष देत होतो.

तिसरी एरर मी जपून ठेवली आहे, वहीत उतरवून. तीत लिहिलं होतं की ही यादी अजून ग्राह्य नाही. ग्राह्य व्हायला ३ तास ११ मिनिटं अवकाश आहे.

म्हणजे मुहूर्त लागायचा होता! आयुष्यात मी खूप नकार ऐकले, पण भिंतीवरच्या कालनिर्णयाखाली बसलेल्या संगणकाने मुहूर्तासाठी थांबवावं हे पहिल्यांदा. मी थोडा वेळ खरोखर थांबलो. मग कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं. बाहेर सात वाजले होते, लॅपटॉपमध्ये रात्रीचा दीड. फरक साडेपाच तासांचा.

साडेपाच! ८२ अंश ३० मिनिटं पूर्व, मिर्झापूरजवळून जाणारं रेखावृत्त, एका तासाला १५ अंश, भागाकार करा, कोण सांगेल, हात वर करा. ३४ वर्षं ज्या आकड्यावर एक हुकमी प्रश्न काढला, तो आकडा घरात येऊन बसला होता.

भानगड अशी. माझ्या लॅपटॉपवर दोन बिऱ्हाडं आहेत; जीएसटीच्या एका कामापुरतं विंडोज आणि बाकी सगळ्याला उबुंटू. दोघांना मिळून यंत्रातलं घड्याळ एकच. विंडोज समजतं, घड्याळ इथली वेळ दाखवतं. लिनक्स समजतं, घड्याळ ग्रिनिचची दाखवतं, त्यात आपण साडेपाच मिळवायचे. त्यामुळे एकाने घड्याळ लावलं की दुसऱ्याचं चुकायचं. हे भांडण मिटवायचे दोन उपाय आहेत: विंडोजला ग्रिनिच मानायला लावा, किंवा लिनक्सला स्थानिक. मी एका रविवारी पहिला केला. पुढच्या रविवारी, पहिला केल्याचं विसरून, दुसरा केला. दोघांनीही एकदमच माघार घेतली आणि भांडण होतं तिथेच राहिलं, फक्त बाजू बदलून. आमच्या घरात पंख्याच्या वेगावरून असंच होतं. इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळते, ती सोयही मी कधीतरी बंद केलेली होती. का, ते देव जाणे. यादी पहाटे चार-साडेचारला तयार झालेली, माझा लॅपटॉप रात्री दीडमध्ये. उद्याच्या तारखेचा धनादेश कोणती बँक वटवील? दोनातला एक उपाय मागे घेतला आणि मुहूर्त लागला.

मधे एक मोह झाला, तो लपवत नाही. दोन एरर उरल्या होत्या आणि अंक अडलेला. इंटरनेटवर कोणीतरी सुचवलेलं होतं की त्या ओळीत चौकोनी कंसात ‘ट्रस्टेड इक्वल टू येस’ लिहा, एरर जाईल. जाते. सही तपासणंच बंद झाल्यावर जाईल नाहीतर काय! पुतण्याला विचारलं. तो म्हणाला, ‘काका, प्रोग्रॅम बसवताना त्याच्या पोटातल्या सूचना तुमच्या नाही, रूटच्या अधिकारात चालतात. तुम्ही झोपलेले असताना घरात कोणीही काहीही करू शकतो, इतका अधिकार.’ मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मला घाम फुटला. मी जुन्या पद्धतीने, ‘ॲप्ट-की’ वापरून, ज्या किल्ल्या घेतल्या होत्या त्या सगळ्या एकाच जुडग्यात पडल्या होत्या. त्या जुडग्यातली कोणतीही किल्ली कोणत्याही कोठाराच्या यादीला चालायची. म्हणजे गच्चीवरची टाकी धुणाऱ्याला जिन्याची म्हणून दिलेली किल्ली देवघराच्या कपाटालाही लागत होती. म्हणूनच ती पद्धत आता मोडीत काढली आहे. आता प्रत्येक कोठाराच्या ओळीतच ‘साइन्ड-बाय’ लिहून त्याची किल्ली त्याच्यापुरती बांधून ठेवतात. मी ११ जणांना अख्खं घर मोकळं करून दिलं होतं आणि त्यातल्या नऊ जणांची नावं मला आठवत नव्हती. सोसायटीच्या रखवालदाराने पाहुण्याकडे वहीत सही मागितली नाही, तर दोन पानी तक्रारअर्ज देणारा मी.

उरलेली किरकोळ. एक कोठार दोन ठिकाणी नोंदलेलं होतं. एकाकडे ॲप्ट ३२ बिटांचा माल मागत होतं, जो तिथे कोणी ठेवतच नाही. एकदा कुलूप लागलेलं दिसलं, तर यंत्र स्वतःच मागच्या दाराने सुरक्षेची दुरुस्ती बसवत होतं. चहा संपेपर्यंत कुलूप निघालं.

संध्याकाळी सगळ्या ओळी स्वच्छ. ११ पैकी सात घरी पाठवली होती, तीन सुधारली होती. एक राहिलं. त्याच्याकडे मी दिवसभर पाहिलंच नव्हतं, कारण त्याने कधी त्रासच दिला नव्हता. माझ्या जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर ज्याच्याकडून आला ते कोठार. आवृत्तीचं नाव न लावता नुसतं ‘स्टेबल’ असं लिहिलेलं; किल्लीला मुदत नाही; नंबॅट आला काय नि जेलीफिश गेली काय, रोज सकाळी एकाच सुरात ‘हिट’. प्रत्येक वर्गात खिडकीशेजारी असं एक पोरगं असतं. दांडी नाही, तक्रार नाही, आणि वर्षअखेर प्रगतीपुस्तकावर शेरा लिहायची वेळ आली की मास्तरांना त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणता येत नाही.

कौतुक म्हणून त्याची यादी उघडून पाहिली. आणलेल्या याद्या लॅपटॉपमध्येच एका कप्प्यात साठतात. साधा मजकूर असतो, कोणालाही वाचता येतो. वरच्या भागात एक ओळ असते, यादी कधी तयार झाली त्याची. तिथे तारीख होती नोव्हेंबर २०१८ ची.

‘हिट’ म्हणजे काय, हे मी तुम्हाला सुरुवातीला सांगितलं, पण जरा घाईत सांगितलं. ॲप्ट दाराशी जाऊन एवढंच विचारतं की मागच्या वेळेपासून काही बदललं का. पलीकडचं यंत्र उत्तर देतं: ३०४, बदल नाही. याला ॲप्ट हजर धरतं. घरात माणूस आहे का, हे त्याने विचारलेलंच नसतं. दिवसभर ज्यांनी मला छळलं, ज्यांच्या किल्ल्या बदलल्या, पत्ते बदलले, खोल्या बदलल्या, ते सगळे हिंडते-फिरते होते. आणि हे माझं गुणी पोरगं इतकी वर्षं ओ देत होतं, ती रिकाम्या खोलीतून. कोणाच्या तरी कार्डावरून त्या जागेचं भाडं दरवर्षी आपोआप कापलं जात असावं. तो माणूस दुसऱ्या कामाला लागला असेल. त्याने नवा स्कॅनर घेतला असेल. मुलंबाळं झाली असतील, वेळ उरत नसेल. यापुढचं मी मनात येऊ दिलं नाही.

नियमाप्रमाणे ती ओळही झोपवायला हवी होती. जिथे इतकी वर्षं दुरुस्ती नाही, तिथे रोज कशाला डोकवायचं? पुतण्याही तेच म्हणाला. पण स्कॅनर उत्तम चालतो. त्या आठवड्यात वाचनालयाच्या कोनशिलेचा फोटो मी त्याच्यावरच उतरवला, कडा फाटलेल्या, मधल्या रांगेत ते टोपीवाले गृहस्थ. ओळ तशीच ठेवली. फाइलमध्ये तिच्या डोक्यावर एक टीप लिहिली, ॲप्ट वाचत नाही अशी, माझ्यापुरती: ‘स्कॅनर. २०१८ पासून बदल नाही. चालतो.’

किल्लीवर मालकाचं नाव आणि ई-मेलचा पत्ता असतो. नाव इथे देत नाही; आडनावावरून माणूस पोर्तुगालचा की ब्राझीलचा, हे भूगोलाच्या मास्तरालाही सांगता येईना. रात्री जेवणं झाल्यावर त्या पत्त्यावर तीन ओळी लिहिल्या. स्कॅनरचं मॉडेल, तो अजून चालतो हे, आणि आभार. ही मागून वाचत होती. म्हणाली, ‘फोटोही जोडा की एखादा.’ जोडला.

अंक वसुबारसेच्या आदल्या रात्री छापखान्यात गेला. नोव्हेंबरात मी बँकेत जाऊन आलो. अंगठा तिसऱ्या खेपेला उमटला. त्या पत्त्यावरून उत्तर आलेलं नाही. पत्र परतही आलेलं नाही. आज सकाळी हजेरी घेतली: हिट, हिट, गेट, हिट, आणि शेवटी, खिडकीशेजारून, हिट.